अर्ज भरण्याआधीचे दिवस

वारज्यात महामार्गाच्या पुलाखालून माळवाडीकडे वळले, की विजेच्या खांबांवर, बसथांब्यांच्या पाठीवर आणि चौकातल्या बांबूंच्या सांगाड्यावर चेहरे दिसू लागतात. कुणाचा वाढदिवस असतो, कुणी दहावी-बारावीच्या मुलांचे अभिनंदन करत असते, कुणी दहीहंडीला यायचे निमंत्रण देत असते. २०२२ ते २०२६ या काळात या फलकांवरचे एक अक्षर मी पुन्हा पुन्हा वाचत असे. पुणे महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत १४ मार्च २०२२ रोजी संपली आणि पुढची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधली जवळपास चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता आणि वारज्याला नगरसेवकच नव्हता. फलकांवर मात्र नावांपुढे ‘मा. नगरसेवक’ छापलेले असे. हा ‘मा.’ माननीय की माजी, हे ज्याचे त्याने ठरवायचे. त्या एका अक्षरात गेलेले पद आणि हवे असलेले पद, दोन्ही मावत होती.

अशा फलकाखाली चहा पिताना लोक हटकून एकच प्रश्न विचारतात: यंदा पुन्हा उभे राहणार का?

हा प्रश्न आपण गप्पांचा विषय समजतो. अमेरिकेत तो राष्ट्राध्यक्षांना विचारतात, मुंबईत मुख्यमंत्र्यांना आणि आमच्याकडे आमदाराला. पण निवडणुकीच्या पैशाचा कायदा नीट वाचला तर हा प्रश्न फार वजनदार निघतो. पदावर बसलेला माणूस ‘हो’ केव्हा म्हणतो, यावर त्याच्या कोणत्या खर्चाचा हिशेब ठेवला जाणार आणि कोणत्या खर्चाचा नाही, हे ठरते. ‘बघू, पक्ष ठरवेल’ हे जे उत्तर नम्रतेने दिले जाते, त्याला पैशातही किंमत आहे. ती किती, हे या प्रकरणात पाहू.

सुरुवात घराजवळून करतो. वारजे विधानसभेसाठी खडकवासला मतदारसंघात आणि लोकसभेसाठी बारामतीत मोडते. खडकवासल्यातून २००९ मध्ये मनसेचे रमेश वांजळे निवडून आले. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले, पोटनिवडणूक झाली आणि भाजपचे भीमराव तापकीर आमदार झाले. २०१४ आणि २०१९ मध्येही तेच आले. २०१९ ला त्यांची लढत वारज्याचे सचिन दोडके यांच्याशी होती आणि फरक होता अवघा अडीच हजार मतांच्या आसपास. म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात वारज्यात उत्सुकता दाटली होती. भाजपची ९९ नावांची पहिली यादी २० तारखेला आली, तीत खडकवासला नव्हते. विद्यमान आमदाराचे तिकीट राहणार की कापले जाणार, यावर पैजा लागल्या. शेजारच्या कोथरूडने २०१९ मध्ये हे पाहिलेच होते. तिथे विद्यमान आमदार मेधा कुलकर्णी यांना बाजूला ठेवून पक्षाने चंद्रकांत पाटील यांना उभे केले होते. अखेर २६ ऑक्टोबरच्या दुसऱ्या यादीत तापकीर यांचे नाव आले. अर्ज भरायची शेवटची तारीख २९ होती. पुढे पुन्हा दोडके यांच्याशीच लढत होऊन ते चौथ्यांदा निवडून आले.

या क्रमात वावगे काही नाही. तिकीट पक्ष देतो आणि शेवटच्या क्षणी देतो, ही आपल्याकडची रीतच आहे. मला बोलायचे आहे ते कॅलेंडरबद्दल.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चे कलम ७७ सांगते की उमेदवाराने आपल्या खर्चाचा वेगळा आणि खरा हिशेब ठेवावा. हा हिशेब नामनिर्देशनाच्या तारखेपासून निकालाच्या तारखेपर्यंतचा असतो, दोन्ही दिवस धरून. २०२४ च्या विधानसभेला अर्ज घेणे २२ ऑक्टोबरला सुरू झाले आणि निकाल २३ नोव्हेंबरला लागला. म्हणजे अगदी पहिल्या दिवशी अर्ज भरणाऱ्याचा हिशेबसुद्धा फार तर ३३ दिवसांचा. आमदारकीची मुदत पाच वर्षांची, म्हणजे अठराशेहून अधिक दिवसांची. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ४० लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे, लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख. ही मर्यादा त्या ३३ दिवसांची आहे. उरलेल्या दिवसांना मर्यादा नाही आणि हिशेबाची वहीसुद्धा नाही.

त्या ३३ दिवसांत मात्र यंत्रणा बारकाईने लक्ष ठेवते, हे मोकळेपणाने सांगायला हवे. उमेदवाराला निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते उघडावे लागते. एका व्यक्तीला दहा हजारांहून अधिक रक्कम रोखीने देता येत नाही. जिल्हा निवडणूक अधिकारी दरपत्रक काढतात, त्यात खुर्ची, मंडप, ध्वनिक्षेपक, चहा, नाश्ता, रिक्षा, झेंडा अशा प्रत्येक गोष्टीचा दर ठरवलेला असतो. उमेदवाराने ‘मंडप मित्राने फुकट दिला’ म्हटले, तरी दरपत्रकाप्रमाणे रक्कम त्याच्या खात्यावर पडते. व्हिडिओ पथक सभेतल्या खुर्च्या मोजते, त्यावरून निवडणूक आयोगाची छाया नोंदवही तयार होते आणि खर्च निरीक्षक ती उमेदवाराच्या वहीशी ताडून पाहतात. प्रचाराच्या काळात अशी तपासणी तीनदा होते. रस्त्यांवर स्थिर सर्वेक्षण पथके आणि भरारी पथके असतात. इतक्या बारकाईने तर लग्नाच्या खर्चाचा हिशेब मुलीचा बापही ठेवत नाही.

आता या ३३ दिवसांच्या बाहेर पाहा. वारज्याचे वर्ष सणांनी भरलेले असते. संक्रांतीला हळदीकुंकू होते, त्यात वाण म्हणून डबा किंवा बादली मिळते. महिला दिनाला खेळांची संध्याकाळ आणि जिंकणारीला पैठणी. उन्हाळ्यात मुलांची शिबिरे, मग वह्यावाटप, आषाढीला वारकऱ्यांना छत्र्या, दहीहंडीला लाखांची बक्षिसे, गणपतीत मंडळांना वर्गणी, नवरात्रात दांडिया, दिवाळीला उटणे आणि फराळाचे सामान. आणि बारा महिने देवदर्शनाच्या सहली. तुळजापूर, अक्कलकोट, कोल्हापूर या जुन्या झाल्या. आता रेल्वेचे डबेच्या डबे काशीला आणि बसच्या रांगा उज्जैनला जातात. आमच्या इमारतीतल्या एक काकू अशाच एका इच्छुकाच्या खर्चाने काशीला जाऊन आल्या. आयुष्यात पहिल्यांदा गंगा पाहिली म्हणून त्यांचे डोळे भरून आले होते. मी पैशाचा विषय काढल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, त्यांनी कुठं मत मागितलं? नुसतं दर्शन घडवलं.”

काकूंचे हे वाक्य मला कायद्याच्या भाष्यासारखे वाटते. मतासाठी दिलेली भेट ही लाच, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये आहे आणि त्याआधी दंडसंहितेच्या १७१-ब मध्येही होते. पण भेट मतासाठीच दिली होती, हे सिद्ध करावे लागते. मत मागितलेच नसेल, निवडणूक जाहीर नसेल आणि देणारा उमेदवारच नसेल, तर सिद्ध करायचे तरी काय? मी काकूंना दोष देत नाही. ज्या बाईने चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या घरची पोळीभाजी केली, तिला गंगा दाखवणारा माणूस तिला देवासारखा वाटला, तर त्यात तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. माझा प्रश्न त्या पैशाच्या मुळाशी आहे: तो आला कुठून, आणि ज्याने तो दिला त्याला तो परत कशातून मिळणार आहे?

हिशेबाची सुरुवात इतकी उशिरा का होते, यामागे एक गोष्ट आहे आणि ती पदावर बसलेल्या एका नेत्याला विचारलेल्या प्रश्नाचीच आहे.

२९ डिसेंबर १९७०. लोकसभा नुकतीच बरखास्त झाली होती. पंतप्रधान इंदिरा गांधी दिल्लीत पत्रकारांशी बोलत होत्या. त्या रायबरेली सोडून गुडगावमधून लढणार, अशी चर्चा विरोधकांनी सुरू केली होती. एका पत्रकाराने त्याबद्दल विचारले आणि त्यांनी थोडक्यात उत्तर दिले की, नाही, मी मतदारसंघ बदलत नाही. त्यांनी रायबरेलीत प्रत्यक्ष अर्ज भरला तो १ फेब्रुवारी १९७१ रोजी. पुढे प्रतिस्पर्धी राजनारायण यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात निवडणूक याचिका केली, तेव्हा या दोन तारखांना विलक्षण महत्त्व आले. यशपाल कपूर हे सरकारी अधिकारी जानेवारीत त्यांच्या प्रचाराचे काम करत होते आणि त्यांचा राजीनामा त्याच महिन्यात मंजूर झाला होता. इंदिराजी उमेदवार कधी झाल्या? १ फेब्रुवारीला झाल्या असतील, तर कपूर तोवर सरकारी नोकरीत नव्हते. २९ डिसेंबरला झाल्या असतील, तर सरकारी नोकराची मदत घेतल्याचा दोष लागतो.

त्या वेळच्या कायद्यात उमेदवाराची व्याख्या रुंद होती. निवडणूक समोर दिसत असताना माणूस स्वतःला भावी उमेदवार म्हणून लोकांपुढे मांडू लागला, की त्या क्षणापासून तो उमेदवार, असे कलम ७९ सांगत असे. न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी २९ डिसेंबरचे ते उत्तर धरले. १२ जून १९७५ रोजी त्यांनी पंतप्रधानांची निवड रद्द केली. कपूर यांची मदत हे एक कारण होते आणि उत्तर प्रदेश सरकारच्या अधिकाऱ्यांनी सभांसाठी उभारलेली व्यासपीठे हे दुसरे. मर्यादेबाहेर खर्च केल्याचा आरोपही याचिकेत होता, तो मात्र सिद्ध झाला नाही.

पुढे आणीबाणी आली, हे सर्वांना आठवते. त्याच ऑगस्टमध्ये संसदेने निवडणूक कायद्यात केलेली दुरुस्ती मात्र फारशी कुणाला आठवत नाही. उमेदवाराच्या व्याख्येतून ‘स्वतःला मांडू लागला’ हा भाग काढला गेला. ज्याचा अर्ज रीतसर भरला गेला, तोच उमेदवार. कलम ७७ मधली हिशेबाची सुरुवातही निवडणुकीच्या अधिसूचनेच्या तारखेवरून नामनिर्देशनाच्या तारखेवर आणली गेली. हे सारे मागच्या निवडणुकांनाही लागू केले गेले आणि ७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या बदललेल्या कायद्याच्या आधारे इंदिराजींची निवड वैध ठरवली. एका निवडणुकीसाठी झालेला बदल मग सगळ्या निवडणुकांचा नियम झाला. आणीबाणी उठली, सरकारे बदलली, पण ती जुनी व्याख्या कुणीही परत आणली नाही. आज वारज्यातल्या फलकावर ‘भावी आमदार’ असे ठळक छापता येते आणि तरीही कायद्यापुढे तो माणूस उमेदवार नसतो, त्याचे मूळ इथे आहे.

याच्या वर्षभर आधी दुसरी एक वाट मोकळी झाली होती. ३ ऑक्टोबर १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या दिल्लीच्या खटल्यात निकाल दिला. उमेदवाराच्या संमतीने पक्षाने किंवा मित्रांनी त्याच्यासाठी केलेला खर्च त्याच्याच खात्यात धरायला हवा, असा न्यायमूर्ती भगवती यांचा निर्णय होता. नाहीतर मर्यादेला अर्थ राहत नाही, हे शाळकरी मुलालाही पटावे. १९ ऑक्टोबरला सरकारने वटहुकूम काढून तो निष्प्रभ केला. आजही पक्षाच्या एकूण खर्चाला मर्यादा नाही आणि स्टार प्रचारकांच्या विमान-हेलिकॉप्टरचा प्रवासखर्च उमेदवाराच्या नावावर पडत नाही.

त्याच महिन्यात, चारच दिवस आधी, १५ ऑक्टोबर १९७४ रोजी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी निवडणूक निधीच्या कठोर कायद्यावर सही केली होती. त्यांच्या आधीचे रिचर्ड निक्सन १९७२ मध्ये पदावर असताना पुन्हा उभे राहिले. त्यांच्या प्रचार समितीच्या छुप्या पैशातून वॉटरगेटची घरफोडी झाली आणि त्यातूनच त्यांना पद सोडावे लागले. तो घाव ताजा होता. नव्या कायद्याने देणग्यांवर मर्यादा घातली आणि देखरेखीसाठी स्वतंत्र आयोग नेमला. तिथे आज निवडणुकीसाठी पाच हजार डॉलरपेक्षा जास्त पैसे गोळा केले किंवा खर्चले, की माणूस उमेदवार ठरतो, मग तोंडाने तो काही म्हणो. म्हणून तिथल्या राष्ट्राध्यक्षाच्या ‘पुन्हा उभा राहणार’ या घोषणेआधी त्याचे कागद बोलतात. डोनाल्ड ट्रम्प यांनी तर २० जानेवारी २०१७ रोजी, शपथ घेतली त्याच दिवशी, पुढच्या निवडणुकीचे कागद दाखल केले. जो बायडन यांनी २१ जुलै २०२४ रोजी माघार घेतली, तेव्हा जूनअखेरच्या हिशेबाप्रमाणे त्यांच्या समितीत सुमारे ९ कोटी ६० लाख डॉलर शिल्लक होते. कमला हॅरिस यांचे नाव त्याच समितीवर असल्यामुळे तो पैसा त्यांना वापरता आला. माघार घेताना पेटीत साधारण किती होते, हे सामान्य माणसाला कळू शकले, याचे मला अप्रूप वाटते.

अमेरिका म्हणजे आदर्श, असे मात्र मुळीच नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये खर्चावरची मर्यादाच घटनाबाह्य ठरवली आणि २०१० मध्ये कंपन्यांनाही स्वतंत्रपणे हवा तितका खर्च करायची मुभा दिली. त्यांच्याकडे घड्याळ लवकर सुरू होते, पण मर्यादा नाही. आपल्याकडे मर्यादा आहे, पण घड्याळ फार उशिरा लागते.

आपल्या राष्ट्रपतींबाबत ‘पुन्हा उभे राहणार का’ हा प्रश्न जवळजवळ उठतच नाही. राजेंद्रप्रसाद सोडले तर दुसऱ्यांदा कुणी निवडून आलेले नाही. निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक झालेल्या प्रतिभाताई पाटील यांनीही एकच कार्यकाळ पूर्ण केला. मतदार खासदार-आमदारच असल्याने ही लढत जाहिरातींनी लढली जात नाही.

पैसा कुठून येतो, या प्रश्नाची मुंबईत फार जुनी आणि मोठी नोंद आहे. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रकात बदल करायचा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे आले. कायद्यात मनाई नसल्याने त्यांनी परवानगी दिली, पण निकालपत्रात संसदेला कळकळीचा इशारा दिला की ही प्रथा वाढत गेली तर लोकशाहीचा गळा आवळेल. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली आणि १९८५ मध्ये उठली. मधल्या काळात पैसा थांबला नाही, त्याने दुसरी दारे शोधली. १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांचे सिमेंट प्रकरण पत्रकार अरुण शौरी यांनी उघडकीला आणले. सिमेंट तेव्हा नियंत्रित माल होता आणि परवान्याशिवाय पोतेही मिळत नव्हते. बांधकाम व्यावसायिकांना कोटा मिळण्याचा संबंध इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान या न्यासाला दिलेल्या देणग्यांशी आहे, असा निष्कर्ष न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये काढला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. पुढे फौजदारी खटल्यात त्यांना शिक्षा झाली नाही. पण देणगी आणि सही यांचा एकमेकींशी संबंध कसा जुळतो, हे महाराष्ट्राने तेव्हा पहिल्यांदा इतके उघड पाहिले. मंत्रालयात सही करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडेच देणगी चालत जाते, म्हणून पैशाचा प्रश्न आव्हान देणाऱ्यापेक्षा विद्यमान माणसाला जास्त लागू पडतो.

निवडणूक रोख्यांनी २०१८ पासून देणारा आणि घेणारा यांच्यात पडदा टाकला. त्याआधी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देण्याचे कंपन्यांवरचे बंधनही काढून टाकले होते. तोट्यातली कंपनीही कितीही देऊ शकत होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने ही योजना रद्द केली. तोवर साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले होते. मतदार मत देतो तेव्हा त्याच्या उमेदवाराच्या पक्षाला पैसे कोण देतो, हे जाणण्याचा त्याला हक्क आहे, असे या निकालाचे सार आहे. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतला या विषयावरचा हा सगळ्यात मोलाचा निकाल आहे.

विद्यमान माणसाकडे आणखी एक पेटी असते, तीही पूर्ण कायदेशीर. आमदाराला स्थानिक विकासनिधी वर्षाला पाच कोटींचा, खासदारालाही तितकाच. नगरसेवकांसाठी पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात ‘स’ यादी असते. त्यातून झालेल्या बाकावर, कमानीवर, व्यायामशाळेवर ‘यांच्या निधीतून’ असे नाव येते. निधी करदात्याचा, नाव त्यांचे. मोठ्या पातळीवर हेच पाहायचे तर महामार्गाने वारज्याहून थोडे उत्तरेला बालेवाडीला जावे. १७ ऑगस्ट २०२४ रोजी तिथल्या क्रीडासंकुलात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या पहिल्या हप्त्यांचा सोहळा झाला. योजना जूनच्या अर्थसंकल्पात जाहीर झाली होती. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागेपर्यंत असंख्य बहिणींच्या खात्यांत दीड हजाराचे पाच हप्ते पोचले होते आणि २० नोव्हेंबरला मतदान झाले. योजना विधिमंडळाने मंजूर केलेली होती. आमच्या भागातल्या किती तरी बायकांनी त्या पैशातून मुलांची फी भरली, औषधे घेतली, हे मी पाहिले आहे आणि त्या पैशावर त्यांचा हक्क आहे, असेच मला वाटते. तरीही वेळापत्रकाचा प्रश्न उरतोच. गरज पाच वर्षे होती, हप्ते शेवटच्या चार महिन्यांत आले.

जाहिरातींचे तसेच. २००९ च्या विधानसभेला अशोक चव्हाण मुख्यमंत्री होते आणि भोकरमधून उभे होते. त्या दिवसांत ‘अशोकपर्व’ अशा मथळ्यांची पानेच्या पाने मराठी वृत्तपत्रांत बातम्या म्हणून छापून आली. त्यांच्या हिशेबात वृत्तपत्रांच्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. पत्रकार पी. साईनाथ यांनी ही विसंगती मांडली. हिशेब खरा आहे की नाही, हे तपासण्याचा आयोगाला अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये मान्य केले. जुलैत आयोगाने हिशेब रीतसर नसल्याचा आदेश दिला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. निवडणूक २००९ ची आणि शेवटचा कागद २०१४ चा, म्हणजे तोवर त्या विधानसभेची मुदतही संपत आली होती. मर्यादेविषयी सगळ्यात मोकळे बोलले ते गोपीनाथ मुंडे. आपल्या २००९ च्या लोकसभा निवडणुकीला आठ कोटी लागले, असे त्यांनी जून २०१३ मध्ये मुंबईत जाहीर कार्यक्रमात सांगितले. मर्यादा होती २५ लाखांची. आयोगाने त्यांना नोटीस दिली. त्या दिवशी त्या सभागृहात कुणालाही धक्का बसला नाही, याचे मला आजही दुःख होते.

पैशाशिवायही पुन्हा पुन्हा निवडून येता येते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झाले, पहिल्यांदा १९६२ मध्ये, शेवटी २०१४ मध्ये. मधे दोनदा हरले. आमदार असूनही ते एसटीने फिरत. नव्वदी ओलांडल्यावर २०१९ मध्ये ‘आता उभा राहणार नाही’ हे त्यांनी स्वतःच सांगितले, तेव्हा कार्यकर्ते रडले. हातकणंगल्यात राजू शेट्टी यांनी ‘एक नोट, एक व्होट’ म्हणत शेतकऱ्यांकडून मतही मागितले आणि पैसेही, आणि २००९ मध्ये ते खासदार झाले. वर्गणी देणारा मतदार निवडून आलेल्याला जाब विचारू शकतो. सहलीला गेलेल्याला तो विचारणे अवघड जाते.

२१ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी, वारज्यातून जाणाऱ्या याच महामार्गावर दक्षिणेला, खेड शिवापूरच्या टोलनाक्याजवळ पोलिसांनी एका मोटारीतून सुमारे पाच कोटींची रोकड पकडली. अर्ज भरायला दुसऱ्या दिवशी सुरुवात होणार होती. त्या संध्याकाळी महाराष्ट्रात कायद्याने उमेदवार असा एकही माणूस नव्हता.

निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराला आपला हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, मग तो जिंकलेला असो की अनामत गमावलेला. न दिल्यास तीन वर्षे अपात्र ठरू शकतो. ही वही गुप्त नसते. निवडणूक नियमांतला ८८ वा नियम सांगतो की एक रुपया शुल्क भरून कुणीही ती पाहू शकतो. पुण्यात त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालय गाठायचे. वहीचे तीन भाग असतात: पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँकेचे व्यवहार. पांढऱ्या पानांवर चहाचे कप, मंडपाच्या चौरस फुटांचे दर, रिक्षांचे दिवस असे ओळीने लिहिलेले असते आणि पहिली ओळ अर्ज भरल्याच्या तारखेची असते. काकूंना काशीला नेणाऱ्या त्या इच्छुकाला पुढे तिकीट मिळालेच नाही. त्याच्या नावाची वही उघडलीच गेली नाही.